दोन नौका, दोन मापे : ‘सुहैली’ आणि ‘म्हादेई’ यांच्या तुलनेची प्रस्तावना

दूरच्या सागरी प्रवासासाठी बांधलेल्या दोन शिडाच्या नौकांची तुलना हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय आहे. त्यांतील पहिली, ‘सुहैली’, सुमारे ३२ फूट लांबीची असून ती मुंबईत कुलाबा वर्कशॉपमध्ये सागवानात बांधली गेली आणि डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरली. दुसरी, ‘म्हादेई’, ५६ फूट लांबीची असून ती मांडवी नदीतील दिवाडी बेटावर अ‍ॅक्वेरियस या नौकाबांधणी कारखान्यात बांधली गेली आणि १२ फेब्रुवारी २००९ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. ‘सुहैली’तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या ब्रिटिश दर्यावर्दींनी १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फाल्मथ बंदर सोडले आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, ते त्याच बंदरात परतले, तेव्हा कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले ठरले. ‘म्हादेई’तून कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाउन या चार बंदरांत थांबत मुंबई ते मुंबई अशी एकट्याने प्रदक्षिणा केली आणि तसे करणारे ते पहिले भारतीय झाले; त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबई सोडून ३१ मार्च २०१३ रोजी, म्हणजे सुमारे १५१ दिवसांत, वाटेत कोठेही न थांबता ती पुन्हा पूर्ण केली. कार्य एकच, प्रत्येक वेळी नौकेवर माणूसही एकच, आणि तरीही नौकांच्या लांबीत २४ फुटांचा फरक, या वस्तुस्थितीतून उद्भवणारे प्रश्न येथे तपासले आहेत.

शिडाच्या नौकांविषयीच्या चर्चेत ‘मोठी बरी की लहान’ हा वाद जुनाच आहे आणि त्यात दोन्ही पक्षांकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते. मोठ्या नौकेचा कैवार घेणारे वेग, स्थैर्य आणि साठ्याची जागा यांकडे बोट दाखवतात. लहान नौकेचा पक्ष घेणारे तिचा अल्प खर्च, हाताळणीतील सुलभता आणि दुरुस्तीतील स्वावलंबन पुढे करतात. हे सर्व मुद्दे आपापल्या जागी खरे असले, तरी एकामागून एक मांडले की ते केवळ गुणदोषांच्या याद्या उरतात आणि त्या याद्यांतून निर्णय निघत नाही. या ग्रंथाचे म्हणणे असे की, नौकेचे माप बदलते तेव्हा तिचे गुण नुसते वाढत किंवा घटत नाहीत, तर तिची सुरक्षितता कशावर अवलंबून आहे तेच बदलते. लहान नौकेत ही सुरक्षितता मुख्यतः नावाड्याच्या हाताच्या आवाक्यात असते. मोठ्या नौकेत ती वेग, यंत्रे आणि किनाऱ्यावरील पाठबळ यांच्याकडे सरकते. तुलना करायची ती या सरकण्याची, आणि त्यासाठी ‘सुहैली’ व ‘म्हादेई’ ही जोडी विशेष उपयोगी आहे.

प्रारंभीच ‘प्रवासी नौका’ या संज्ञेचा अर्थ स्पष्ट करणे इष्ट ठरेल. शर्यतीची नौका वेगासाठी सोय आणि टिकाऊपणा यांचा त्याग करते, मासेमारीची किंवा मालवाहू नौका पोटातील जागेसाठी चपळतेचा त्याग करते. प्रवासी नौकेला मात्र आपल्या मोजक्या माणसांना त्यांच्या अन्नपाण्यासह आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महिनेच्या महिने, समुद्रावर राहू द्यावे लागते, आणि हे सर्व एक-दोन जोडी हातांनी सांभाळता येईल अशा बेताने करावे लागते. तग धरणे, वाहून नेणे आणि थोड्या हातांत मावणे या तिच्या तीन अटी होत. यांतील पहिल्या दोन अटी नौकेला मोठे होण्यास सांगतात आणि तिसरी तिला लहान राहण्यास सांगते, त्यामुळे प्रवासी नौकेचा प्रत्येक आराखडा ही मुळातच तडजोड असते.

या दोन नौकांची निवड केवळ मापातील अंतरामुळे केलेली नाही. दोन्ही नौकांचे आराखडे परदेशी आणि घडवणारे हात या किनाऱ्यावरचे आहेत. ‘सुहैली’चा आराखडा विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन रेखकाच्या ‘एरिक’ या नमुन्याचा असून, तो नमुना स्वतः कॉलिन आर्चर यांनी नॉर्वेच्या किनाऱ्यासाठी आखलेल्या जीवरक्षक नौकांवरून घेतलेला होता. मुंबईच्या सुतारांनी तो वाकसाने तासून आणि दोरीने फिरवायच्या सामत्याने भोके पाडून सागवानात उतरवला. ‘म्हादेई’चा आराखडा ‘टोंगा ५६’ या नावाचा, नेदरलँड्समधील व्हॅन डे स्टाट या संस्थेचा, आणि तो रत्नाकर दांडेकर यांच्या दिवाडीच्या कारखान्यात लाकडी गाभ्याच्या दोन्ही अंगांना फायबरग्लासचे थर चढवून साकारला गेला. शिवाय या दोन नौकांना जोडणारा एक मानवी दुवाही आहे. भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना फलटणजवळच्या विंचुर्णीला स्थायिक झालेले निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांनी नौदलापुढे मांडली, आणि त्या मोहिमेसाठी निवड झालेले दोंदे २००६ मध्ये ज्यांच्याकडे शिकण्यास गेले ते नॉक्स-जॉन्स्टनच होते. गंमत अशी की, ३२ फुटी नौकेने कीर्ती मिळवलेले हे गुरू त्या सुमारास वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी ६० फुटी नौकेतून जगाभोवतीच्या शर्यतीस निघाले होते.

कोकणच्या किनाऱ्याला मापाचा हा विचार नवा नाही. आंग्र्यांच्या आरमारात दोन-तीन डोलकाठ्यांच्या गुराबा आणि त्यांच्याहून पुष्कळ लहान गलबते एकत्र वावरत. अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यांनी मोठ्या गुराबा ३०० टनांपर्यंतच्या, तर गलबते क्वचितच ७० टनांपलीकडची असत, अशी नोंद केली आहे. तोफा वाहणे हे गुराबेचे काम आणि वारा पडला तरी वल्ह्यांच्या जोरावर शत्रूला गाठणे हे गलबताचे, अशी कामाची वाटणी मापावरूनच झालेली होती. एकाच नौकेकडून सर्व कामांची अपेक्षा न करण्याचा हा शहाणपणा प्रवासी नौकांच्या चर्चेत मात्र अनेकदा विसरला जातो.

‘माप’ हा शब्द वरवर सोपा वाटला तरी नौकाशास्त्रात त्याचे निदान पाच अर्थ होतात आणि ते एकमेकांत मिसळल्यास तुलना फसते. पहिले माप एकूण लांबीचे, नाळेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतचे. ‘सुहैली’ची ही लांबी ३२ फूट ५ इंच आहे, पण तिच्या नाळेपुढे निघालेला सोट धरला तर ती बरीच वाढते. दुसरे माप जलरेषेच्या लांबीचे, म्हणजे नौका पाण्यावर स्थिर असताना तिचा पाण्याला टेकलेला भाग जेवढा लांब असेल तेवढे. ‘सुहैली’ची जलरेषा २८ फूट आहे, आणि वेगाचा संबंध एकूण लांबीशी नसून याच लांबीशी असतो. तिसरे माप रुंदीचे. ‘सुहैली’ ११ फूट १ इंच रुंद आहे, म्हणजे तिच्या लांबीच्या मानाने चांगलीच पोटाळ आहे. चौथे माप ड्राफ्टचे, म्हणजे नौकेचा सर्वांत खालचा भाग पाण्याखाली किती खोल जातो याचे. ‘सुहैली’च्या बाबतीत ते ५ फूट ६ इंच आहे. पाचवे आणि सर्वांत महत्त्वाचे माप विस्थापनाचे. नौका आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, म्हणून सारलेल्या पाण्याचे वजन हेच नौकेचे वजन असते. लांब प्रवासाचा शिधा भरलेली ‘सुहैली’ सुमारे १० टन आणि ‘म्हादेई’ सुमारे २३ टन पाणी सारते.

या आकड्यांकडे किंचित थांबून पाहिले तर एक विसंगती ध्यानात येते, आणि या ग्रंथातील विवेचनाचा मोठा भाग तिच्याभोवती फिरतो. एखादी नौका सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात मोठी केली, तर तिचे पृष्ठफळ लांबीच्या वर्गाने आणि घनफळ लांबीच्या घनाने वाढते. ३२ फुटांवरून ५६ फुटांवर जाताना लांबी पावणेदोन पट होते. या नियमाप्रमाणे शिडांचे क्षेत्र सुमारे तिप्पट आणि विस्थापन पाचपटीहून अधिक व्हावयास हवे. ‘म्हादेई’ जर ‘सुहैली’चीच मोठी आवृत्ती असती, तर तिचे वजन ५० टनांच्या पलीकडे गेले असते, प्रत्यक्षात ते त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. म्हणजे ‘म्हादेई’ ही मोठी केलेली ‘सुहैली’ नव्हे. लांबीच्या मानाने ‘सुहैली’ अतिशय जड आहे आणि ‘म्हादेई’ हलकी आहे, आणि हा फरक मापापेक्षा बांधणीच्या विचारातला आहे. जाड सागवानी फळ्यांची नौका आणि फायबरग्लासच्या दोन थरांत लाकडी गाभा सामावलेली नौका यांच्यातील सुमारे पंचेचाळीस वर्षांचे निर्णायक अंतर त्यात दिसते. म्हणून मोठ्या नौकेचे जे गुण सांगितले जातात, त्यांतील कोणते तिच्या लांबीमुळे आले आणि कोणते तिच्या हलकेपणामुळे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे करून पाहावे लागते.

वेगाचा प्रश्न त्यातल्या त्यात सरळ आहे. पाण्यातून पुढे सरकणारी जड नौका स्वतःच लाट निर्माण करते, वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते, आणि लाटेची लांबी जलरेषेच्या लांबीइतकी झाली की नौका आपणच खणलेल्या खळग्यात अडकते. त्यापुढे कितीही वारा मिळाला तरी वेगात फारशी भर पडत नाही. ही मर्यादा काढण्याचा व्यवहारातील नियम असा की, जलरेषेच्या फुटांतील लांबीचे वर्गमूळ काढून त्यास १.३४ ने गुणावे, म्हणजे नॉटमधील, अर्थात ताशी सागरी मैलांतील, वेग मिळतो. सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो. ‘सुहैली’च्या २८ फुटांना हा हिशेब सुमारे ७.१ नॉट देतो, तर ५० फूट जलरेषेच्या नौकेला सुमारे ९.५ नॉट. प्रत्यक्षातील सरासरी यापेक्षा नेहमीच कमी असते, कारण वारा पडतो, उलटतो किंवा शिडे उतरवावी लागतील इतका वाढतो. ‘सुहैली’ने ३१२ दिवसांत ३०,१२३ मैल कापले, म्हणजे तिची सरासरी ४ नॉटच्या किंचित वर होती, टॉमी यांच्या प्रवासात ‘म्हादेई’ने सुमारे २३,००० मैल कापले आणि सरासरी ६.३ नॉटच्या आसपास राखली.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. फाल्मथ हे बंदर उत्तर अटलांटिकमध्ये ५० अंश अक्षांशावर आहे आणि मुंबई १९ अंशांवर; त्यामुळे दक्षिण गोलार्धातील वाऱ्यांच्या पट्ट्यात उतरून परत येण्याचे अंतर दोघांना सारखे नव्हते, आणि ३१२ व १५१ हे दिवसांचे आकडे शेजारी ठेवून नौकांचा न्याय करणे बरोबर होणार नाही. पण ‘म्हादेई’च्या सरासरीने ‘सुहैली’चे सर्व मैल मोजले, तरी तो प्रवास सुमारे २०० दिवसांत आटोपला असता. उरलेले शंभरावर दिवस हे नौकेच्या मापाचे आणि वजनाचे खरे मोल आहे, आणि ते केवळ सोयीचे नाही. जितके दिवस कमी, तितका शिधा कमी, तितकी वादळे कमी, आणि दक्षिण महासागराचा उन्हाळा संपण्यापूर्वी केप हॉर्न ओलांडण्याची शक्यता अधिक.

स्थैर्याच्या बाबतीत माप आणखी जोराने बोलते. शिडांवरील वारा नौकेला कलवतो आणि तळाशी असलेल्या कण्यातील वजन तिला पुन्हा उभे करते. कलवणारे बलाघूर्ण, म्हणजे बल गुणिले तरफेची लांबी, मापाच्या घनाने वाढते, पण उभे करणारे बलाघूर्ण चौथ्या घाताने वाढते, त्यामुळे मोठी नौका तेवढ्याच वाऱ्यात कमी कलते आणि आपली शिडे अधिक काळ पेलते. लाटांविषयीचे गणितही असेच आहे. ऑगस्ट १९७९ मधील फास्टनेट शर्यतीत वादळात सापडून १५ स्पर्धकांचे प्राण गेले, त्यानंतर ब्रिटनमध्ये नमुन्यांवर झालेल्या चाचण्यांतून असे आढळले की, फुटणारी लाट बाजूने आदळली आणि तिची उंची नौकेच्या लांबीच्या सुमारे ६० टक्के असली, तर जवळजवळ कोणतीही नौका पूर्ण कलंडते. ३२ फुटी नौकेसाठी ही लाट सुमारे १९ फुटांची, ५६ फुटी नौकेसाठी ३३ फुटांहून अधिक उंचीची. दक्षिण महासागरात दोन्ही मापांच्या लाटा उठतात, पण पहिल्या प्रकारच्या कितीतरी अधिक वेळा. ‘सुहैली’ त्या प्रवासात आडवी झाली, एका वेळी तिच्या केबिनचे छत जागचे हलले, आणि तरीही ती सावरली. नॉक्स-जॉन्स्टन यांनी शेवटी जाड दोराचा लांब फास मागे पाण्यात सोडून नौकेची पाठ लाटांकडे ठेवली, म्हणजे लाटेला तिची कूस सापडू दिली नाही. मापाने नाकारलेली सुरक्षितता युक्तीने मिळवण्याचे हे उदाहरण होय.

या युक्तीला ‘सुहैली’च्या घडणीची साथ होती. तिचा कणा नौकेच्या बहुतेक लांबीभर पसरलेला असून सुकाणू त्याच्याच मागच्या कडेला बसवलेले आहे; अशी नौका वळायला मंद, पण एकदा दिशा धरली की सहजी न सोडणारी असते. ‘म्हादेई’ नंतरच्या परंपरेतली आहे. त्या परंपरेत कणा आखूड आणि खोल असतो, सुकाणू त्याच्यापासून वेगळे, बरेच मागे असते, पाण्याचा घर्षणविरोध कमी होतो आणि नौका सुकाणवाला चटकन प्रतिसाद देते. लांब कण्याची जड नौका लाटेत संथपणे डोलते, म्हणून तीत राहणाऱ्याची दमछाक कमी होते. हलकी नौका लाटेवर लवकर चढते आणि लवकर आदळते. लहान नौका म्हणजे नेहमीच हादरे देणारी, हा समज ‘सुहैली’पुरता तरी चुकीचा ठरतो.

हाताळणीच्या प्रकरणात पारडे उलट दिशेने झुकते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरील दाब चौपट होतो, म्हणून वारा वाढताच शीड आखडावे लागते. त्याला रीफ करणे म्हणतात आणि त्यात शिडाचा खालचा पट्टा गुंडाळून बांधून क्षेत्र कमी केले जाते. ‘सुहैली’ केच जातीची आहे, म्हणजे तिला पुढे मोठी आणि मागे लहान अशा दोन डोलकाठ्या आहेत. तिचे सुमारे ६६६ चौरस फुटांचे शीडक्षेत्र चार शिडांत वाटलेले असल्याने कोणतेही एक शीड माणसाच्या ताकदीबाहेर जात नाही. ‘म्हादेई’ला एकच डोलकाठी, पण ती सुमारे २५ मीटर उंच, म्हणजे आठमजली इमारतीएवढी. तिच्या मुख्य शिडाचा दोर नुसत्या हाताने धरून ठेवणे कोणाही माणसाच्या बसचे नाही; तेथे विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढण्याचे दातेरी यंत्र, मध्यस्थ म्हणून लागतेच. विंच, स्वयंचलित सुकाणू, वीज निर्माण करणारे इंजिन आणि दिशादर्शक उपकरणे ही मोठ्या नौकेची चैन नव्हे. एकट्या माणसाने ती चालवायची असेल, तर ते तिचे अवयवच होत.

हे अवयव निकामी झाले तर काय होते, यावर दोन मापांतील खरा भेद ठरतो. ‘सुहैली’चे वाऱ्यावर चालणारे स्वयंसुकाणू ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडून पडले आणि नॉक्स-जॉन्स्टन यांनी उरलेला प्रवास त्याच्याविना केला, शिडांचा तोल साधून दिला की ती लांब कण्याची नौका पुष्कळ वेळ आपणच दिशा धरून राही. रेडिओने संदेश जाणे बंद झाले आणि न्यूझीलंडनंतर चार महिन्यांहून अधिक काळ जगाला त्यांचा पत्ता नव्हता, पण नौकेच्या चालण्यात त्यामुळे काही अडले नाही. सर्वांत बोलके उदाहरण त्याआधीचे, अटलांटिकमधील आहे. पाण्याखालील फळ्यांचे सांधे सुटून नौकेत पाणी येऊ लागले, तेव्हा नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर समुद्रात बुडी मारून सांध्यात कापूस ठासण्याचा प्रयत्न केला. दम संपेपर्यंत ठासलेला कापूस पुन्हा निघून येई. मग त्यांनी कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, तिला डांबर फासले, ती पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी सांध्यावर ठोकली आणि वरून तांब्याचा पत्रा बसवला. माणसाच्या एका श्वासात जेवढे काम होते तेवढे करायचे, वर यायचे, पुन्हा बुडायचे, अशा रीतीने ही दुरुस्ती पूर्ण झाली. लाकूड, कापूस, डांबर, खिळा आणि हातोडा एवढ्यावर जी नौका उभी आहे, तिची दुरुस्तीही तेवढ्यावरच होऊ शकते, आणि साडेपाच फूट खोलीवर माणूस पोचूही शकतो.

‘म्हादेई’ला हा गुण नाही, कारण तो तिच्याकडून अपेक्षितही नव्हता. तिची सुरक्षितता मुळात बिघाड होऊ न देण्यात, बिघाड झाल्यास पर्यायी यंत्रणा तयार ठेवण्यात आणि किनाऱ्याशी उपग्रहामार्फत संपर्क राखून सल्ला मिळवण्यात आहे. यासाठी नौकेमागे संस्था असावी लागते. ‘सागर परिक्रमा’ या नावाने राबवलेल्या मोहिमेत भारतीय नौदलाने ती भूमिका पार पाडली, आणि म्हणूनच दोंदे व टॉमी यांचे यश एकट्या दर्यावर्दीचे असूनही एका व्यवस्थेचेही आहे. याची उलट बाजू ‘सुहैली’च्या जन्मकथेतच आहे. नॉक्स-जॉन्स्टन यांना प्रदक्षिणेसाठी ही नौका नकोच होती; त्यांनी कॉलिन म्यूडी या रेखकाकडून ५३ फुटांच्या पोलादी नौकेचा आराखडा करवून घेतला होता. तिच्यासाठी पैसा उभा राहिला नाही, म्हणून हाताशी असलेल्या ३२ फुटी नौकेतून ते निघाले. नौकानयनाच्या इतिहासातील या लहान नौकेची निवड तत्त्वापेक्षा रिकाम्या खिशाने केली होती, ही गोष्ट लहान मापाच्या भाविक समर्थकांनी विसरू नये. आणि त्या खिशाला परवडलेल्या नौकेनेच प्रवास तडीस नेला, ही गोष्ट मोठ्या मापाच्या समर्थकांनी.

खर्चाचा विचार या ग्रंथात स्वतंत्र प्रकरणात केला असला, तरी त्याचे सूत्र येथे नोंदवता येईल. बंदरातील भाडे बहुतेक ठिकाणी लांबीवर आकारले जाते, रंगाचा व शिडांचा खर्च पृष्ठफळावर चढतो आणि बांधणीची किंमत स्थूलमानाने वजनाबरोबर चालते. त्यामुळे लांबीचा प्रत्येक पुढचा फूट मागच्या फुटापेक्षा महाग पडतो. दुसऱ्या बाजूस, एक टन शिधा चढवला की ‘सुहैली’च्या वजनात दहाव्या हिश्श्याची भर पडते आणि ती जाणवण्याइतकी मंद होते, तर ‘म्हादेई’च्या वजनात ही भर चार-पाच टक्क्यांचीच असते. अनेक माणसांना घेऊन जायचे असेल तेव्हा हा फरक निर्णायक ठरतो. ‘म्हादेई’च्याच आराखड्यावर त्याच कारखान्यात बांधलेल्या ‘तारिणी’तून सहा महिला नौदल अधिकाऱ्यांनी १० सप्टेंबर २०१७ ते २१ मे २०१८ या काळात गोवा ते गोवा प्रदक्षिणा केली, आणि ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ या काळात त्याच नौकेतून दोघीच अधिकारी तो मार्ग पूर्ण करून आल्या. एकाच मापाची नौका एकाला, दोघांना आणि सहा जणांना पुरते. ३२ फुटी नौकेत दोघे सुखाने राहतील, सहा जण मात्र पृथ्वीप्रदक्षिणेस निघू शकणार नाहीत.

तुलनेच्या मर्यादाही स्पष्ट करणे कर्तव्य आहे. या दोन नौकांच्या प्रवासांत चार दशकांचे अंतर आहे, आणि त्या काळात उपग्रहीय स्थाननिश्चिती, हवामानाचे अंदाज, कृत्रिम धाग्यांची शिडे व दोर यांनी सागरी प्रवासाचे स्वरूप पालटले. त्यामुळे ‘म्हादेई’च्या खात्यावरील प्रत्येक लाभ तिच्या लांबीस श्रेय देऊन मोकळे होता येत नाही. हे घटक वेगळे करण्यास २०१८ ची गोल्डन ग्लोब शर्यत मदत करते. ‘सुहैली’च्या प्रवासाच्या पन्नाशीनिमित्त भरलेल्या या शर्यतीत नौकांची लांबी ३२ ते ३६ फुटांच्या दरम्यान आणि कणा लांब असणे बंधनकारक होते, आणि दिशादर्शनासाठी सेक्स्टंट व कागदी नकाशे यांवरच विसंबावे लागे. तीत फ्रान्सचे ज्याँ-ल्यूक व्हॅन डेन हीड यांनी ३६ फुटी नौकेतून २१२ दिवसांत प्रदक्षिणा पूर्ण केली. म्हणजे मापात नाममात्र वाढ, तंत्रात मुद्दाम राखलेली गरिबी, आणि तरीही ‘सुहैली’पेक्षा १०० दिवसांची बचत. त्याच शर्यतीत टॉमी ‘सुहैली’च्याच आराखड्यावर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’तून उतरले होते, २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, ते जखमी झाले आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. १५१ दिवस ‘म्हादेई’ चालवलेल्या त्याच दर्यावर्दीचा हा अनुभव मापाचे महत्त्व सांगतो. पण एका वादळावरून आराखड्याविषयी निकाल देणे हे या ग्रंथाच्या पद्धतीत बसत नाही.

‘सुहैली’चा प्रवास ज्या शर्यतीचा भाग होता, त्या १९६८ च्या मूळ गोल्डन ग्लोब शर्यतीचा पुरावाही एकेरी नाही. बर्नार म्वातेसिए यांची ३९ फुटी पोलादी ‘जोशुआ’ ‘सुहैली’नंतर दोन महिन्यांहून अधिक उशिरा निघूनही तिच्याहून वेगाने अंतर कापत होती, परंतु केप हॉर्न ओलांडल्यावर म्वातेसिए यांनी शर्यतच सोडून ताहितीची वाट धरली. जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ यांच्या ३० फुटी नौका ‘सुहैली’पेक्षा फक्त दोन-अडीच फुटांनी लहान होत्या, पण त्या दक्षिण महासागराच्या दृष्टीने बांधलेल्या नसल्याने दोघांनाही लवकरच माघार घ्यावी लागली. लांबीचा एखादा आकडा यशाची सीमारेषा ठरत नाही, हे या तिन्ही उदाहरणांतून दिसते.

ग्रंथाची मांडणी वरील विवेचनाच्या क्रमाने केली आहे. पहिल्या भागात दोन्ही नौकांचे आराखडे, साहित्य आणि बांधणी यांचे वर्णन असून दुसऱ्या भागात वेग, स्थैर्य आणि लाटांतील वर्तन यांचे गणिती विवेचन आहे. शालेय गणित येणाऱ्या वाचकास ते समजावे, म्हणून प्रत्येक सूत्राबरोबर प्रत्यक्ष नौकेचे उदाहरण दिले आहे. तिसरा भाग शिडे, दुरुस्ती, साठा आणि माणसांची संख्या यांचा, आणि चौथा खर्च व संस्थात्मक पाठबळ यांचा आहे. अंतरे सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये दिले आहेत. लांबीसाठी फूट हे एकक राखले आहे, कारण नौका बांधणारे आणि चालवणारे आजही नौकेची ओळख तिच्या फुटांवरूनच देतात.

स्वतःसाठी नौका निवडू पाहणाऱ्या वाचकाला या ग्रंथात अमुक फुटांची नौका घ्यावी असे उत्तर सापडणार नाही, पण कोणता प्रश्न कोणत्या क्रमाने विचारावा हे सापडेल. आधी प्रवास ठरवावा, मग माणसे मोजावीत, त्यानंतर भर समुद्रात बिघाड झाला तर तो कोण आणि कशाने दुरुस्त करणार हे ठरवावे, आणि या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच लांबीकडे वळावे. दुरुस्तीचे उत्तर ‘मी, माझ्या हातांनी’ असे असेल, तर ३० ते ३५ फुटांच्या पुढे जाताना दहा वेळा विचार करावा. ते उत्तर यंत्रे, सुटे भाग आणि किनाऱ्यावरची माणसे असे असेल आणि ती खरोखर उपलब्ध असतील, तर मोठी नौका वेळ आणि वादळे या दोन्हींच्या हिशेबात आपला खर्च भरून काढते. हे उत्तर प्रामाणिकपणे न देता घेतलेली नौका, ती कोणत्याही मापाची असली तरी, चुकीच्या मापाचीच असते.